पहिला आकडा कुणाचा?

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर माजिवड्यापासून गायमुखापर्यंत किंवा कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गृहप्रकल्पांचे जे फलक लागलेले असतात, त्यांतल्या बऱ्याच फलकांवर इमारतीपेक्षा आकडा मोठा असतो: अमुक लाखांपासून पुढे. त्या आकड्यात हवे ते घर मिळणार नाही हे विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही ठाऊक असते. तरीही तो आकडा छापण्यावर पैसे खर्च होतात, कारण तो आपले काम चोख बजावतो. घर घेताना आपले नुकसान घासाघिशीत होते अशी आपली समजूत असते. माझे म्हणणे असे की ते बहुतेक वेळा त्याआधीच होऊन गेलेले असते. समोरच्याने पहिला आकडा उच्चारला आणि आपल्याजवळ स्वतःचा आकडा नव्हता, तिथेच सौदा अर्धा ठरला. त्यावर ‘सावध राहा’ हा सल्ला निरुपयोगी आहे, आणि तो का निरुपयोगी आहे हे आधी समजून घेतले पाहिजे.

आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर आकड्यांचे एक चक्र फिरवले जाई. मग विचारले जाई, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सदस्यांत आफ्रिकी देशांचे प्रमाण किती टक्के? चक्र १० वर थांबले त्या गटाचा मध्यम अंदाज आला २५ टक्के, ६५ वर थांबले त्या गटाचा ४५. चक्राचा आफ्रिकेशी काही संबंध नाही हे सगळ्यांना दिसत होते. यावर कुणी म्हणेल, हा परीक्षेसारखा प्रश्न, पैशांच्या व्यवहारात माणूस असा भरकटत नाही. १९८७ साली नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांनी अमेरिकेतल्या टुसॉन शहरात खऱ्या घरावर आणि खऱ्या इस्टेट एजंटांवर हेच तपासले. सर्वांना एकच घर हिंडून पाहायला दिले, माहितीचा संचही तोच दिला. मागितलेली किंमत तेवढी वेगवेगळी सांगितली: एका गटाला ६५,९०० डॉलर, दुसऱ्याला ८३,९००. दोन्ही आकड्यांत १८,००० डॉलरांचे अंतर. एजंटांनी केलेल्या मूल्यांकनात सात हजारांहून अधिक. म्हणजे नुसत्या सांगितलेल्या किमतीतल्या फरकाचा जवळपास ४१ टक्के भाग जाणकारांच्या अंदाजात उतरला. व्यवसायाचा गंध नसलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत तो ४८ टक्के होता. वर्षानुवर्षांच्या अनुभवाची कमाई एवढीच. विशेष म्हणजे बहुतेक एजंटांचे ठाम म्हणणे होते की सांगितलेली किंमत आम्ही विचारात घेतलीच नाही.

मानसशास्त्रातले बरेच गाजलेले प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर टिकले नाहीत, तेव्हा हेही तसलेच नसेल कशावरून, ही शंका रास्त आहे. पण २०१४ साली ३६ नमुन्यांत मिळून सहा हजारांहून अधिक लोकांवर अशा जुन्या प्रयोगांची फेरतपासणी झाली, तेव्हा पहिल्या आकड्याचा हा परिणाम सर्वांत भक्कम ठरलेल्यांपैकी होता. बिल्डर भाव चढवूनच सांगतो हे मला माहीत आहे, असे प्रत्येक खरेदीदार म्हणतो. त्या माहितीने तो आकडा खाली ओढायला सुरुवात करतो, पण सुरुवात मात्र त्याच आकड्यापासून करतो. ७८ लाखांचे ७४ झाले की चार लाख कमावल्यासारखे वाटते. ते घर ६८ चे असू शकते हा विचार टेबलावर येतच नाही.

यावरचा खरा दमदार आक्षेप वेगळा आहे. मागितलेली किंमत हे फिरते चक्र नव्हे, त्यात माहिती असते. ज्याने जमीन घेतली, इमारत उभी केली त्याला भाव आपल्यापेक्षा जास्त कळतो, मग त्याच्या आकड्याकडे दुर्लक्ष का करायचे? दुर्लक्ष करू नयेच. पण ती साक्ष आहे, निकाल नव्हे, आणि तीही हितसंबंध असलेल्या साक्षीदाराची. दुसरे साक्षीदार उपलब्ध असताना एकाच्याच तोंडाकडे बघत बसायचे कारण नाही. महाराष्ट्रात असे साक्षीदार घरबसल्या मिळतात हे अनेकांना ठाऊक नसते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे बोलीभाषेतला ‘इंडेक्स टू’, विनाशुल्क शोधता येतो. त्यात मोबदल्याची रक्कम, क्षेत्रफळ आणि तारीख असते. अडचण एकच, तिथे ‘घोडबंदर रोड’ टाकून काही सापडत नाही. मौजे कावेसर, मौजे कोलशेत, मौजे बाळकुम असे महसुली गावाचे नाव आणि सर्व्हे क्रमांक लागतो. हे दोन्ही तपशील महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांवरच्या राज्याच्या नियामक प्राधिकरणाकडे, झालेल्या प्रकल्पाच्या नोंदणीत असतात. त्याच इमारतीतले किंवा शेजारच्या इमारतीतले गेल्या वर्षभरातले पाच-सहा दस्त काढले, मोबदल्याला चटई क्षेत्राने भागले, की लोकांनी प्रत्यक्षात काय मोजले ते समजते. सरकारचा वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे रेडी रेकनर, हाही एक आकडा आहे, पण तो मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी विभागवार बांधलेला. एका गल्लीतल्या दोन इमारतींचा फरक त्यात दिसेलच असे नाही. जुन्या घरांच्या व्यवहारात काही रक्कम रोखीने फिरते आणि दस्तात कमी दाखवली जाते, म्हणून नोंदलेला आकडाही पूर्ण सत्य नसतो. तरी होर्डिंगवरच्या आकड्यापेक्षा तो कितीतरी सभ्य आहे. हे काम साइट ऑफिसला जाण्यापूर्वी करायचे, नंतर नाही, कारण नंतर केले तर आपण मनात बसलेल्या आकड्याला पुरावे शोधत बसतो.

आकडा हाती आला तरी तो कशाचा, हा प्रश्न उरतो. इथे विक्रीकलेचे खरे कसब दिसते. रेरा कायद्याच्या आधी बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप आणि त्यावरचे लोडिंग यांचे राज्य होते. चौरस फुटाचा दर कमी दिसावा म्हणून चौरस फूटच फुगवले जात. २०१६ च्या कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या बांधून दिली: घराच्या आतले वापरण्याजोगे क्षेत्र, आतल्या भिंती धरून, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची वगळून. १ मे २०१७ पासून महारेरा काम करू लागले. फुगवण्याची सवय मात्र गेली नाही. आता बाल्कनी मिळवून ‘युजेबल एरिया’ सांगतात. दुसरीकडे किमतीचे तुकडे पडले: मूळ किंमत, फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचा जादा आकार), डेव्हलपमेंट चार्जेस, पार्किंग, क्लब हाउस. एक हिशेब मांडून पाहू. समजा ठाण्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीतला ४८० चौरस फूट चटई क्षेत्राचा फ्लॅट जाहिरातीत ५८ लाखांना आहे. दर पडला बारा हजारांच्या आसपास, आणि मनात हाच दर बसतो. त्यात पार्किंगचे चार आणि इतर आकारांचे दोन लाख मिळवा, ६४ झाले. ५ टक्के जीएसटीचे ३ लाख २० हजार, ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख ४८ हजार, नोंदणी फीचे ३० हजार. बेरीज जवळजवळ ७२ लाख, आणि दर चौरस फुटाला १५ हजार. सोसायटीसाठी घेतली जाणारी दोन वर्षांची आगाऊ देखभाल अजून धरलेली नाही. यात कुणी खोटे बोललेले नाही. प्रत्येक ओळ कॉस्ट शीटवर छापलेली असते, पण एकेक ओळ वाचणारे मन पहिल्या ओळीला घट्ट धरून ठेवते. म्हणून घर नवे असो की जुने, ठाण्यात असो की ठाकुर्लीत, एकच माप लावा: सर्व करांसह हातातून जाणारी एकूण रक्कम भागिले रेरा चटई क्षेत्र. काही विक्री प्रतिनिधी ‘बॉक्स प्राइस’ म्हणून एकच गोळाबेरीज सांगतात. ती तुलनेला सोयीची असते, फक्त बॉक्समध्ये काय काय घातले आहे ते लिहून घ्यावे. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला जीएसटी नसतो. महिलेच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत असते. या दोन गोष्टींमुळे महाग दिसणारे घर कधी कधी स्वस्त निघते.

डावीकडच्या अंकाचा मोह तर जुनाच. अमेरिकेत जुन्या मोटारींच्या सव्वादोन कोटींच्या आसपास घाऊक व्यवहारांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की दर दहा हजार मैलांची रेघ ओलांडताच भाव एकदम घसरतो, जणू ७९,९०० आणि ८०,००० यांत मोठी दरी आहे. आपल्याकडे घराच्या बाबतीत या मोहाला कायद्याची एक जोड मिळाली आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. १ एप्रिल २०१९ पासून ४५ लाखांपर्यंतच्या आणि मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्राच्या बांधकामाधीन घराला जीएसटी १ टक्का लागतो, त्यापुढच्या घराला ५ टक्के. त्यामुळे डोंबिवली-कल्याणकडच्या जाहिरातीतले ४४.९९ लाख हे केवळ डोळ्यांना फसवण्यासाठी नसतात. पण ही मर्यादा बिल्डर घेतो त्या एकूण रकमेला लागू आहे, पार्किंग आणि विकास आकार धरून. ४४.९९ च्या घराला तीन लाखांचे पार्किंग जोडले की कर एका टक्क्याचा राहत नाही. तेव्हा पाच टक्क्यांचा हिशेब कागदावर मागा. ‘मोफत’ या पाटीकडेही जरा तिरकस बघावे. इमारतीच्या आवारातली खुली पार्किंगची जागा पैसे घेऊन विकताच येत नाही असे महारेराने २०२१ साली परिपत्रक काढून सांगितले आहे. पाडव्याच्या ऑफरमध्ये तीच कुणी भेट म्हणून देत असेल, तर त्या भेटीची किंमत आपल्या बेरजेत शून्य धरावी.

मोठ्या रकमेपुढे छोटी रक्कम दिसेनाशी होते, हा आणखी एक दोष. १९८१ साली ट्वर्स्की-कानमन यांनी लोकांना विचारले: पाच डॉलर वाचवण्यासाठी वीस मिनिटे गाडी चालवत दुसऱ्या दुकानात जाल का? वस्तू १५ डॉलरची असताना ६८ टक्के हो म्हणाले, १२५ डॉलरची असताना २९ टक्के. पाच डॉलर तेच, वीस मिनिटे तीच. जांभळी नाक्यावर मेथीच्या जुडीचे पाच रुपये सोडायला तयार नसलेला माणूस सत्तर लाखांच्या कागदावर दीड लाखाचे ‘लीगल आणि इतर’ न विचारता मान्य करतो, कारण सत्तर लाखांच्या मानाने ते काहीच नाही. मानाने म्हणून बघायचेच नाही. दीड लाख म्हणजे आपल्या किती महिन्यांची शिल्लक, असे विचारावे. हप्त्याच्या भाषेत तर मोठी रक्कमही विरघळते. पाच लाख वाढले म्हणजे ‘महिन्याला साडेचार हजारसुद्धा नाहीत’, आणि ते खरेच आहे: साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षे, हप्ता ४,३३९. वीस वर्षांत मात्र दहा लाख ४१ हजार जातात. मुदत वाढवण्याचे आमिष याहून महागडे असते. ५० लाखांचे कर्ज वीस वर्षांऐवजी तीस वर्षांचे केले की हप्ता ४३,३९१ वरून ३८,४४६ वर येतो. महिना पाच हजारांचा दिलासा, आणि सगळे हप्ते फेडेपर्यंत व्याज ३४ लाखांनी जास्त. मुदत लांब घेऊन मधे मधे जादा रक्कम भरू, असे म्हणणारे चूक नाहीत, तसे भरले तर फायदा होतो. त्यासाठी महिन्याला किती बाजूला टाकणार ते आधीच ठरलेले असावे लागते.

पैशांखेरीज मिनिटांचे आणि वर्षांचे आकडेही किमतीत मिसळलेले असतात. ‘स्टेशनपासून दहा मिनिटांवर’ हे रविवारी दुपारचे अंतर असते. सोमवारी सकाळी आठ वाजता तिथून रिक्षा करून पाहणे हाच त्यावर उपाय. मेट्रोचे असेच आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याणमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले, आणि २०२४ संपले तरी त्या मार्गावर प्रवासी गाडी धावली नव्हती. मेट्रोच्या नावाने भाव चढायला मात्र गाडी धावण्याची वाट पाहावी लागत नाही. मुदतीचे अंदाज चुकणे ही माणसाची सवयच आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारले गेले की प्रबंध किती दिवसांत पुरा कराल. सरासरी उत्तर ३४ दिवस, लागले ५५ हून अधिक. आपल्या कामाचा अंदाज बांधताना माणूस याआधीच्या तशाच कामांना किती वेळ लागला ते बघत नाही. घराच्या ताब्याची तारीख सांगितली जाईल, तेव्हा त्याच बिल्डरच्या मागच्या प्रकल्पांचा ताबा ठरल्या वेळेपेक्षा किती उशिरा मिळाला ते विचारा आणि तेवढे महिने भाडे आणि हप्ता एकदम भरावा लागेल असे धरून चाला.

काही आकडे किंमत सांगत नाहीत, विश्वास देतात, आणि तिथे फसगत जास्त खोल जाते. कल्याण-डोंबिवली महापालिका क्षेत्रात ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली त्या पाडण्याचे आदेश दिले आणि तिथल्या कुटुंबांची झोप उडाली. ही फसवणूक होती, खरेदीदारांच्या विचारातली चूक नव्हे. कष्टाचे पैसे घालणाऱ्यांना शहाणपण शिकवण्याचा हा प्रसंग नाही. पण पुढच्या माणसाने त्यातून एक गोष्ट घ्यावी. जाहिरातीच्या कोपऱ्यातला रेरा क्रमांक वाचला की पुढची चौकशी आपोआप थांबते, जणू कुणीतरी आपल्या वतीने सगळे तपासले आहे. तो क्रमांक प्रकल्पाची नोंदणी झाल्याचे सांगतो. बांधकाम परवानगी खरी आहे का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ताडून पाहावे लागते, आणि जमिनीचा शोध अहवाल आपण नेमलेल्या वकिलाकडून घ्यावा लागतो. आजूबाजूच्या अधिकृत इमारतींपेक्षा भाव बराच कमी असेल, तर तो फायदा मानण्याआधी त्याचे कारण शोधावे.

विकणाऱ्यांनीही हे वाचावे, कारण जुना फ्लॅट विकून मोठा घेणारी कुटुंबे ठाणे-कल्याण पट्ट्यात भरपूर आहेत. १९९० च्या दशकातल्या बॉस्टनमधल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास जेनेसोव आणि मेयर यांनी २००१ मध्ये मांडला. ज्यांना खरेदीच्या किमतीपेक्षा कमीत विकावे लागणार होते, त्यांनी मागणी त्या तुटीच्या २५ ते ३५ टक्क्यांनी चढवून ठेवली होती. त्यांना थोडा जास्त भाव मिळालाही, तुटीच्या ३ ते १८ टक्के, पण घर जास्त काळ पडून राहिले. म्हणजे हट्ट अगदीच वाया जात नाही, त्याची किंमत वेळेत द्यावी लागते. आपल्याकडे तोट्यापेक्षा नफ्याचा भ्रम जास्त दिसतो. ‘वीस लाखांचे घर वीस वर्षांत ऐंशी लाखांचे झाले’ हे ऐकून छाती फुगते. चौपट म्हणजे वर्षाला सव्वासात टक्के. तेच वीस लाख ८ टक्क्यांनी वाढले असते तर ९३ लाख झाले असते. यावर कुणी म्हणेल की घरात राहिलो, भाडे वाचले, ते कुठे धरले? बरोबर आहे, धरलेच पाहिजे. मग कर्जाचे व्याज, देखभाल, मालमत्ता कर आणि रंगरंगोटीही धरा. हिशेब घराच्या बाजूने लागला तर आनंदच आहे.

घर म्हणजे काही बेरीज-वजाबाकी नव्हे, हा शेवटचा आक्षेप. शाळा जवळ, आईवडील दोन इमारतींपलीकडे, खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो, याला पैसे मोजावेत की नाही? अवश्य मोजावेत. खिडकीसाठी तीन लाख जास्त द्यायचे असतील तर ‘खिडकीसाठी तीन लाख’ असे लिहूनच द्यावेत, म्हणजे खिडकीच्या नावाखाली नऊ लाख जाणार नाहीत. साइट व्हिजिटच्या आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांनी बसून एका कागदावर तीन गोष्टी लिहा: सर्व करांसह जास्तीत जास्त रक्कम, चटई क्षेत्राचा दर आणि झेपणारा हप्ता. तो कागद सॅम्पल फ्लॅटमध्ये बरोबर न्या. तिथे आकडा वर गेला तर त्याच खुर्चीत बसून कागद बदलू नका, घरी येऊन बदला. ऑफर आज रात्रीच संपते असे सांगतील. ती पुढच्या सणाला बहुधा पुन्हा येते. आणि रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हे टोकनचा धनादेश लिहिण्यापूर्वी लक्षात असू द्या.